शांतता! साम्राज्य चालू आहे

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये इन्स्टाग्राम उघडलं की एकच प्रश्न समोर यायचा. बायका नवऱ्याला, बहिणी भावाला, मैत्रिणी मित्राला विचारत होत्या की तू रोमन साम्राज्याचा विचार किती वेळा करतोस? आणि समोरचा माणूस अगदी सहज, आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतोच मनात, असं सांगून मोकळा व्हायचा. ट्रेंड काही आठवड्यांत विरला. त्यामागचं आकर्षण मात्र जुनं आहे आणि अजून टिकून आहे. मागे गंभीर संगीत, समोर संगमरवरी पुतळा, आणि मार्कस ऑरेलियसच्या नावावर शिस्तीचा एखादा सल्ला, असं रील आजही दिवसाआड दिसतं.

या आकर्षणाच्या तळाशी एक स्वप्न आहे. एकदा असं झालं होतं म्हणे, की एवढं मोठं जग दोनशे वर्षं शांत होतं. इ.स.पू. २७ मध्ये ऑक्टेव्हियन 'ऑगस्टस' झाला, तिथपासून इ.स. १८० मध्ये मार्कस ऑरेलियस मरेपर्यंतचा हा काळ. इतिहासात त्याला 'पॅक्स रोमाना', म्हणजे रोमन शांतता, म्हणतात. एडवर्ड गिबनने १७७६ साली आपल्या रोमच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात याच काळाच्या उत्तरार्धाला, इ.स. ९६ ते १८० या वर्षांना, मानवजातीचा सर्वांत सुखी काळ ठरवलं. तेव्हापासून हे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलंच आहे.

ती शांतता खरी होती का, याचा हिशेब इतिहासकार करतात. मला इथे वेगळं काम करायचं आहे. त्या शांततेबद्दल त्या काळात जे लिहिलं गेलं, ते वाचायचं आहे. आणि ते वाचताना मराठी वाचकाच्या हातात एक किल्ली आहे, जी इंग्रजीतून वाचणाऱ्याला सहज मिळत नाही.

एक शब्द, दोन अर्थ

इंग्रजीत 'पीस' वेगळा आणि 'सायलेन्स' वेगळा. लॅटिनमध्येही 'पाक्स' आणि 'सिलेंतियुम' हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठीत मात्र दोन्हींसाठी आपण 'शांतता' म्हणतो. युद्ध थांबलं की शांतता. वर्गात सर आले की शांतता. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ च्या नाटकाचं नाव याच दुहेरी अर्थावर उभं आहे. तिथली शांतता म्हणजे तह नव्हे, तोंड बंद ठेवण्याची आज्ञा आहे. शिवाय आपल्याकडे 'स्मशानशांतता' असाही एक शब्द आहे, आणि माणूस गेला की तो 'शांत झाला' असंही आपण म्हणतो.

माझं म्हणणं असं, की रोमन शांततेबद्दलचं सगळ्यात चांगलं लेखन या दोन अर्थांमधल्या फटीत घडतं. युद्ध नसणं आणि आवाज नसणं यांत नेमका फरक काय, हा प्रश्न त्या काळाच्या लेखकांना छळत होता. काहींनी तो झाकला. एकाने तो उघडा केला.

आधी झाकणाऱ्यांकडे पाहू.

'मी शांत केलं'

ऑगस्टसने मरण्यापूर्वी आपल्या कर्तृत्वाचा एक जमाखर्च लिहून ठेवला होता. तो कांस्यपत्र्यांवर कोरून आपल्या समाधीसमोर लावावा, अशी त्याची इच्छा होती. रोममधले ते पत्रे आज नाहीत, पण अंकारामधल्या एका मंदिराच्या भिंतींवर त्याची लॅटिन प्रत आणि ग्रीक भाषांतर टिकलं. पहिल्या पुरुषातलं, कोरडं, आकड्यांनी भरलेलं हे लेखन. किती पैसे वाटले, किती देवळं दुरुस्त केली, किती राजे रथापुढे चालवले.

यात जानसच्या देवळाची हकिगत येते. सगळीकडे युद्ध थांबलं की या देवळाचे दरवाजे बंद करायचे, अशी रोमची प्रथा. ऑगस्टस सांगतो की शहराच्या स्थापनेपासून आपल्या जन्मापर्यंत ते दोनदाच बंद झाले होते, आणि आपल्या कारकिर्दीत सिनेटने तीनदा बंद करायला सांगितले. पण हे दार कधी बंद होतं, याची त्याने दिलेली अट नीट वाचावी लागते. रोमच्या सत्तेखाली जमिनीवर आणि समुद्रावर विजयांनी मिळवलेली शांतता असेल, तर. थोडक्यात, शांतता ही युद्धाची कमाई आहे.

याच लेखात तो गॉल, स्पेन, जर्मेनिया, आल्प्स यांच्याबद्दल एक क्रियापद वापरतो, 'पाकारे'. 'पाक्स'वरूनच झालेलं. त्याचा सरळ मराठी अनुवाद 'शांत करणे'. कर्ता नेहमी रोम, कर्म नेहमी दुसरं कोणी. मराठीत 'त्याला शांत केलं' हे वाक्य आपण कोणत्या सुरात उच्चारतो, ते आठवून पाहा. अनुवाद आपोआप बरोबर होतो. 'पाक्स' हा शब्द मुळात बांधणं, जखडणं, करार पक्का करणं अशा अर्थाच्या धातूकडे जातो, आणि संस्कृतातल्या 'पाश'चं नातंही भाषाशास्त्रज्ञ त्याच कुळाशी जोडतात. करारही बांधतो आणि दोरीही बांधते.

दगडातही हेच वाक्य आहे. ऑगस्टस स्पेन आणि गॉलहून परतला तेव्हा सिनेटने शांतिदेवतेची वेदी बांधायचं ठरवलं आणि इ.स.पू. ९ मध्ये ती अर्पण झाली. 'आरा पाकिस' म्हणून ती आजही रोममध्ये पाहता येते. तिच्यावर वेलबुट्टी आहे, दोन गुबगुबीत बाळांना मांडीवर घेतलेली एक स्त्री आहे, पायाशी गुरं आहेत. फार सुंदर काम आहे. ही वेदी बांधली गेली ते मैदान मात्र युद्धदेव मार्सचं. पुढे व्हेस्पेशियनने इ.स. ७५ मध्ये रोमला शांतीचं भव्य मंदिर बांधलं आणि त्यात काय ठेवलं? इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर जाळून आणलेली सोन्याची पात्रं. हे लिहून ठेवलंय जोसेफसने. तो आधी रोमविरुद्ध लढलेला ज्यू सेनानी, नंतर रोमच्या आश्रयाला गेलेला इतिहासकार. तो मंदिराचं कौतुकच करतो. ते कौतुक वाचताना आपल्याला मात्र अवघडल्यासारखं होतं.

महाकाव्य जिथे थांबतं

ऑगस्टसचा कवी व्हर्जिल याला अनेकदा सरकारी भाट म्हणून निकालात काढलं जातं. 'इनीड'मध्ये त्यासाठी भरपूर पुरावा आहे. पहिल्याच सर्गात ज्युपिटर भविष्य सांगतो की युद्धाची दारं बंद होतील आणि आतमध्ये उन्माद साखळदंडांत जखडलेला बसेल. सहाव्या सर्गात पाताळात इनिअसचा मेलेला बाप त्याला रोमन माणसाची कला समजावतो. शरण आलेल्याला अभय द्यायचं, माजलेल्याला लोळवायचं आणि शांततेला शिस्त लावायची.

आता शेवट वाचा. बाराव्या सर्गात शत्रू टर्नस जखमी होऊन पडलाय. हात पुढे करून तो दयेची याचना करतोय. म्हणजे तो शरण आलाय. इनिअस क्षणभर थबकतो. मग टर्नसच्या खांद्यावर आपल्या मारल्या गेलेल्या तरुण मित्राचा पट्टा त्याला दिसतो, संताप उसळतो आणि तो तलवार खुपसतो. टर्नसचा जीव कण्हत पाताळात जातो आणि महाकाव्य तिथेच संपतं. ना लग्न, ना तह, ना मेजवानी.

साखळीत जखडला जाणार होता तो उन्माद शेवटच्या ओळींत नायकाच्याच हातात आहे. व्हर्जिल इ.स.पू. १९ मध्ये वारला तेव्हा काव्यावर अखेरचा हात फिरवायचा राहिला होता, त्यामुळे शेवट अर्धवट आहे असंही कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. बापाने दिलेला नियम आणि मुलाने केलेली कृती यांच्यात सहा सर्गांचं अंतर कवीने विचारपूर्वक ठेवलंय. शांतता स्थापन होण्याच्या आदल्या क्षणी काय घडलं, ते तो दाखवतो आणि गप्प बसतो. ऑगस्टसच्या दरबारात याहून जास्त बोलणं शक्य होतं का, हा प्रश्न तो आपल्यावर सोडतो.

टॅसिटसची पाच मौनं

आता ज्याने हे उघडं केलं त्याच्याकडे येऊ. टॅसिटसने इ.स. ९८ च्या सुमारास आपल्या सासऱ्याचं छोटं चरित्र लिहिलं, 'ॲग्रिकोला'. सासरा ब्रिटनचा गव्हर्नर होता. इ.स. ८३ च्या सुमारास आजच्या स्कॉटलंडमध्ये मॉन्स ग्रॉपियस या डोंगराशी त्याने कॅलेडोनियन जमातींना हरवलं. लढाईआधी त्यांचा पुढारी कॅल्गॅकस भाषण करतो. त्यातलं एक वाक्य आज जगभरच्या मोर्च्यांत, टी-शर्टांवर, पोस्टमध्ये फिरतं. आशय असा की हे लोक मुलूख उजाड करतात आणि त्याला शांतता असं नाव देतात.

हे वाक्य उचलून घेणं सोपं आहे, पण त्याने पुस्तकावर अन्याय होतो. एक तर कॅल्गॅकस हे नाव टॅसिटसबाहेर कुठेच सापडत नाही. त्याने खरोखर काय भाषण केलं, ते ऐकून लिहून घेणारा रोमन तिथे असणं अशक्य. म्हणजे साम्राज्यावरचा हा सर्वांत धारदार आरोप साम्राज्याच्याच एका बड्या अधिकाऱ्याने लिहिला, आणि शत्रूच्या तोंडी घातला. असं त्याने का केलं असेल?

उत्तर त्या पुस्तकातल्या मौनांत आहे. मी मोजली, तर पाच सापडतात.

पहिलं मौन सुरुवातीलाच आहे. सम्राट डोमिशियनच्या काळात अरुलेनस रस्टिकस आणि हेरेनियस सेनेसियो या दोघांनी विरोधकांची गौरवपर चरित्रं लिहिली, म्हणून त्यांना मारलं गेलं आणि पुस्तकं चौकात जाळली. टॅसिटस म्हणतो की पंधरा वर्षं आम्ही मुके राहिलो, आणि गप्प बसणं जेवढं हातात होतं तेवढंच विसरणंही असतं, तर आवाजाबरोबर स्मृतीही घालवून बसलो असतो.

दुसरं मौन ब्रिटनमधल्या सुधारणांच्या वर्णनात आहे. ॲग्रिकोला तिथल्या लोकांना देवळं, बाजारचौक, घरं बांधायला प्रोत्साहन देतो, सरदारांच्या मुलांना शिक्षण देतो. हळूहळू टोगा, स्नानगृहं, मेजवान्या येतात. भोळे लोक त्याला संस्कृती म्हणतात, पण तो त्यांच्या गुलामीचाच भाग होता, अशी टिप्पणी टॅसिटस जाता जाता करतो. सासऱ्याच्या स्तुतीच्या मधोमध! इथे तलवार लागत नाही. माणसं आपणहून आपली भाषा सोडतात.

तिसरं मौन लढाईनंतरचं. टॅसिटसच्या हिशेबाने दहा हजार ब्रिटन मेले आणि ३६० रोमन. दुसऱ्या दिवशी सकाळी जे दिसतं ते तो थोडक्यात सांगतो. सगळीकडे सुन्न शांतता, ओसाड टेकड्या, लांबवर धुमसणारी घरं, टेहळ्यांना एकही माणूस भेटत नाही. कॅल्गॅकसने आदल्या दिवशी जे शब्दांत सांगितलं, ते आता चित्रात समोर आहे. आणि चित्र काढणारा आता शत्रू नाही, खुद्द लेखक आहे. टी-शर्टवर छापायला हवं होतं ते खरं तर हे पान.

चौथं मौन रोममधलं. विजयी ॲग्रिकोला परत येतो, पण गाजावाजा नको म्हणून रात्री शहरात शिरतो. डोमिशियन त्याला घाईत एक चुंबन देतो, एक शब्द बोलत नाही, आणि ॲग्रिकोला हुजऱ्यांच्या गर्दीत मिसळून जातो. कॅलेडोनियात आवाज बंद करून आलेल्या सेनापतीला राजवाड्यात स्वतःचा आवाज नाही.

पाचवं मौन सर्वांत जड आहे, कारण ते लेखकाचं आहे. डोमिशियनने शेवटच्या वर्षांत सिनेटरांना तुरुंगात आणि मृत्यूकडे पाठवलं, तेव्हा आमचेच हात त्यांना घेऊन गेले, असं टॅसिटस लिहितो. तो स्वतः डोमिशियनच्याच राज्यात पायऱ्या चढत होता. इ.स. ८८ मध्ये प्रीटर, आणि डोमिशियन मारला गेल्यावर लगेच, ९७ मध्ये, कॉन्सल. तो गप्प बसला आणि मोठा झाला.

ही पाच मौनं एका रांगेत ठेवली की कॅल्गॅकसचं भाषण वेगळंच ऐकू येतं. ते कॅलेडोनियाबद्दल आहेच, पण रोमबद्दलही आहे. सीमेवर जी शांतता माणसं मारून येते, तीच राजधानीत माणसं गप्प करून येते. टॅसिटसला हे स्वतःच्या तोंडाने म्हणता येत नव्हतं, किंवा म्हणण्याचा अधिकार आपण गमावलाय असं त्याला वाटत असावं. म्हणून त्याने आपलं सर्वांत चांगलं वाक्य अशा माणसाला देऊन टाकलं, ज्याने गप्प बसायला नकार दिला होता.

पण शांतता खरीही होती

इथे थांबलो तर टीका सोपी होईल. रोमन शांतता म्हणजे निव्वळ थाप, असं म्हणून मोकळं होता येत नाही.

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर आशिया मायनरचा ग्रीक वक्ता एलियस ॲरिस्टायडीस रोममध्ये येऊन साम्राज्याची स्तुती करणारं मोठं भाषण करतो. सगळं जग आता एका शहरासारखं झालंय, शस्त्र टाकून उत्सवाचे कपडे घातल्यासारखं दिसतंय, युद्धं दंतकथेसारखी वाटू लागली आहेत, असं तो सांगतो. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये अँटोनाईन भिंत उभी राहत होती, हे खरं. स्तुती मतलबी होती, हेही खरं. पण आपल्या गावाहून रोमपर्यंत कोणी न लुटता पोचलेल्या माणसाचा आनंदही त्या भाषणात आहे.

त्या आनंदाचा माग आपल्याकडेही लागतो. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक दर्यावर्द्याच्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर ही गावं नावानिशी येतात. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, असा हिशेब त्यात दिलाय. प्लिनी तक्रार करत होता की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती याच व्यापाराची खूण. त्या शांततेचं थोडं तरी तेरच्या विणकरापर्यंत पोचलं असेल.

सर्वांत प्रामाणिक साक्ष मला एपिक्टेटसची वाटते. तो जन्माने गुलाम. नावाचा अर्थच 'मिळवलेला', एखाद्या वस्तूसारखा. डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा तो निकोपोलिसला गेला आणि तिथे शिकवू लागला. निकोपोलिस म्हणजे विजयनगरी, ऑगस्टसने आपल्या ॲक्टियमच्या विजयाची आठवण म्हणून वसवलेलं शहर. तिथे बसून हा माणूस म्हणतो की सम्राटाने आपल्याला मोठी शांतता दिली आहे, लढाया नाहीत, चाचे नाहीत, कोणत्याही वेळी प्रवास करता येतो. पण तापापासून, दुःखापासून, मत्सरापासून तो शांतता देऊ शकतो का? हुजरेगिरी न करता उपकार मान्य करायचा आणि त्याची हद्दही दाखवायची, हे भल्याभल्या सिनेटरांना जमलं नाही.

हा तिढा मराठी वाचकाला नवा नाही. रोमन शांततेच्या साच्यात इंग्रजांनी 'पॅक्स ब्रिटानिका' ओतली. त्यांचे सनदी अधिकारी लॅटिन-ग्रीक घोकून परीक्षा पास होत. आपल्याकडच्या अनेक सुशिक्षितांनी त्या राज्याला ईश्वरी योजना मानलं. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त त्या राज्याचं स्वागत केलं ते वेगळ्या कारणाने. ज्यांना आधीच्या राज्यात आवाजच नव्हता, त्यांना नव्या राज्यात तो थोडा सापडला. म्हणून शांततेची स्तुती करणाऱ्या प्रत्येकाला भाट म्हणण्याआधी बघावं लागतं, की त्याच्या आधीच्या शांततेत त्याची जागा कुठे होती.

कोण बोलतंय, कोण गप्प आहे

साच्याचा वाईट वापरही झाला. १९३८ मध्ये मुसोलिनीने विखुरलेली 'आरा पाकिस' जोडून नव्या इमारतीत बसवली आणि इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर ऑगस्टसचा तो जमाखर्च कोरून घेतला. वर्षभरात युरोपात युद्ध पेटलं. आणि रीलवाला मार्कस ऑरेलियस? त्याच्या चिंतनवहीतच नोंद आहे की काही भाग क्वादी जमातीच्या मुलखात लिहिला, काही कार्नुंटमच्या लष्करी ठाण्यात. म्हणजे गिबनच्या सुखी काळातलं सर्वांत शांत पुस्तक डॅन्यूब सीमेवरच्या युद्धछावणीत लिहिलं गेलं. 'ग्लॅडिएटर' सिनेमा त्याच युद्धापासून सुरू होतो. त्या मोहिमांचं चित्रण असलेल्या रोममधल्या स्तंभावर शिरच्छेद आहेत, ओढून नेल्या जाणाऱ्या बायका आहेत. वहीत त्यांचा आवाज नाही.

वही वाचू नये, असं मी म्हणत नाही. ती वाचावीच. फक्त शांततेचं कोणतंही वर्णन समोर आलं, मग ते रोमचं असो की कालच्या बातमीतलं, की त्यात कोण बोलतंय आणि कोण गप्प आहे, एवढं विचारावं. मराठीत हा प्रश्न शब्दातच बसलेला आहे.

टॅसिटसने तो आयुष्यभर सोडला नाही. उतारवयात लिहिलेल्या 'ॲनल्स'मध्ये तो कुरकुरतो की जुन्या इतिहासकारांना मोठी युद्धं मिळाली, आपल्या वाट्याला आली ती न हलणारी शांतता. आणि लगेच पुढे इ.स. २५ मधला एक खटला सांगतो. क्रेम्युशियस कॉर्डस नावाच्या इतिहासकारावर आरोप होता की त्याने ब्रूटसची स्तुती केली आणि कॅशियसला शेवटचा रोमन म्हटलं. ऑगस्टसचं राज्य संपून अकराच वर्षं झाली होती. कॉर्डस सिनेटमध्ये बचावाचं भाषण करतो, घरी जातो आणि अन्न सोडून मरतो. त्याची पुस्तकं जाळायचा हुकूम निघतो. त्याच्या मुलीने, मार्शियाने, काही प्रती लपवून ठेवल्या आणि पुढे त्या पुन्हा प्रसारात आल्या. आज त्या पुस्तकांचे काही तुकडेच उरले आहेत. कोर्टातलं ते भाषण मात्र पूर्ण वाचता येतं, कारण टॅसिटसने ते लिहून ठेवलं.